घाटावरची धाव, घाटाखालचे चाक

बुलढाणा जिल्ह्यात कोणी नवा माणूस भेटला, की नावगावाच्याही आधी त्याला एक प्रश्न विचारला जातो : ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे माणसाची शेती कसली, विहिरीला पाणी किती खोल, उन्हाळा कसा जातो, एवढेच काय पण घरची बंडी कशी असेल, हेही ऐकणाऱ्याला कळते. (बंडी म्हणजे बैलगाडी. शहरी वाचकाने येथे अंगातल्या बंडीची आठवण काढू नये.)

अजिंठ्याचे डोंगर या जिल्ह्याचे सरळ दोन भाग करतात. तेरा तालुक्यांपैकी बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे सहा वर पठारावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात खाली, पूर्णेच्या सखल खोऱ्याच्या बाजूला. वरची जमीन बहुतेक हलकी, मुरमाड; खालची काळीभोर, खोल. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग खालूनच जातो. म्हणून जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे बुलढाण्याला, जायचे तर मलकापूरला उतरून मोटारीने सुमारे ४५ किलोमीटर जावे लागते. मोताळा मागे पडले, की राजूरचा घाट सुरू होतो. शेवटच्या वळणानंतर खिडकीतून येणारा वारा एकदम गार लागतो आणि शेजारचा प्रवासी अभिमानाने म्हणतो, ‘आलं घाटावरचं!’

प्रवासी येथे येतो तो लोणारचे सरोवर पाहायला, जिजाऊंचे सिंदखेड राजा पाहायला, नाहीतर शेगावी गजानन महाराजांच्या दर्शनाला. ही तिन्ही ठिकाणे मी पूर्वी पाहिली आहेत आणि ती कोणीही पाहावीत. यंदा पोळ्याच्या आठवड्यात मी गेलो, तो मात्र एका चाकासाठी.

माझे आतेभाऊ मोताळा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी राहतात. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांची जमीन दोन तुकड्यांत आहे : एक तुकडा वर टेकाडाच्या कुशीत, मुरमाड, दुसरा खाली नाल्याच्या काठी, काळा. घर मधोमध. म्हणजे वरच्या शेतातून भरलेली बंडी उतरत येते, आणि खालच्या शेतातून ती चिखलातून वर चढत येते. गेल्या हंगामात थोरल्या बैलाचा, सर्जाचा, खांदा सुजला आणि मग फुटला. गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिले आणि बजावले, ‘आणखी एक हंगाम असा गेला, तर हा बैल जुवाखाली धरता यायचा नाही.’ एक बैल बसला म्हणजे जोडी बसली. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि दादांना ते शोधायचेही नव्हते. भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो, पण पावसाळी वाटेवर तो नाल्यापाशीच रुतून बसतो आणि त्याचे भाडे छोट्या शेतकऱ्याला परवडण्याजोगे नसते. तेव्हा दादांनी फोन केला : ‘बंडीची चाकं बदलावी म्हणतो. पोरगाही आलाय अमेरिकेतून. तू ये. एकाला दोन डोकी असलेली बरी.’

दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात इंजिनिअर आहे. सहा महिने बर्फात राहणाऱ्या माणसाला बैलगाडीतले काय कळणार, असे आमच्या वहिनींचे मत होते आणि ते त्यांनी चहा देताना बोलूनही दाखवले. पण पहिल्या संध्याकाळी गोठ्यापाशी उभा राहून तो बराच वेळ चाकाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘काका, माझ्याकडेही याच भानगडीवर गेले दोन महिने विचार चाललाय. माझ्या बर्फगाडीच्या पट्ट्या बदलायच्या आहेत.’

ही बर्फगाडी म्हणजे स्नोमोबाइल. मागे रबराचा फिरता पट्टा ढकलतो आणि पुढे दोन घसरपट्ट्या असतात, त्यांना स्की म्हणतात. हँडल फिरवले की स्की वळतात आणि गाडी वळते. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातील जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ नावाची लहान, स्वस्त बर्फगाडी बाजारात आणली आणि तेव्हापासून तिकडच्या खेड्यापाड्यांत ती आपल्या मोटारसायकलीसारखी पसरली. मिनेसोटातील रोझो या गावी पोलारिस कंपनीने त्याआधीच या धंद्यात पाय रोवला होता.

आता स्की जर नुसती गुळगुळीत असेल, तर टणक बर्फावर हँडल वळेल आणि गाडी सरळच जाईल. म्हणून तिच्या पोटाखाली नांगराच्या फाळासारखा एक कणा असतो आणि कण्याखाली पोलादी पट्टी. त्या पट्टीत कार्बाइडचे धारदार तुकडे बसवलेले असतात. कार्बाइड म्हटल्याबरोबर दादा दचकले. ‘आंबे पिकवायचं?’

‘ते वेगळं. हे टंगस्टनचं. आपल्या विहिरीला सुरुंग लावताना काळ्या पाषाणाला भोक पाडतात ना, त्या पहारीच्या तोंडाशी असतं ते.’

दादांना ते तत्काळ पटले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा तो काळा पाषाण फोडण्यात त्यांच्या तीन विहिरींचे पैसे गेले होते. जे त्या पाषाणाला पुरे पडते, ते बर्फाला पुरे पडेल यात नवल नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावचे मिस्त्री आले. सुतारकी आणि लोहारकी दोन्ही जाणणारे, सत्तरीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चाक धरून हलवले, तुंब्याला कान लावल्यासारखे केले आणि म्हणाले, ‘आरे ढिले झाले बाप्पा. धाव सुटली हाये.’

धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चढवण्याची रीत पाहण्यासारखी असते. चाक ४.५ फूट व्यासाचे, म्हणजे घेर १४ फुटांहून थोडा अधिक. धाव मुद्दाम त्याहून किंचित लहान करतात. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात. एवढ्या तापाने १४ फूट लोखंड सव्वा इंचाच्या आसपास वाढते. तेवढ्या अवधीत चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आकसते, आणि बाभळीचे आरे, तुंबा नि घेर यांना असे आवळून धरते की एकही खिळा लागत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकले की हीच धाव सैल पडते.

‘म्हणजे नवी धाव चढवली की झालं?’ मी विचारले.

मिस्त्री म्हणाले, ‘घाटावर झालं असतं. तिथं मुरूम हाये. इथं खाली नाल्याचं रान पाह्य. धाव चिखलात सुरीवानी घुसते.’

पुतण्या हसला. त्याच्या स्कीचे नेमके हेच रडगाणे होते. टणक बर्फावर अरुंद आणि खोल कण्याची स्की चांगली धरते. पण भुसभुशीत नव्या बर्फात तीच बुडते, आणि तेथे रुंद स्की हवी. पकड हवी की तरंगणे हवे, हे आधी ठरवावे लागते. दोन्ही पूर्णपणे एका पट्टीत मिळत नाहीत. शिवाय तिकडे आणखी एक खोड असते. आधी गेलेल्या गाड्यांनी बर्फात कापून ठेवलेल्या रेषांत स्की आपोआप शिरते आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातून हँडल हिसकावून घेते. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द आहे म्हणे. आमच्या वहिनी आतून म्हणाल्या, ‘आपल्याकडेही आहे की. चाकोरी!’

सगळेच गप्प झालो. खरोखर, जुन्या चाकोरीत पडलेली बंडी बाहेर काढताना बैलाच्या मानेला जो हिसका बसतो, त्यानेच सर्जाचा खांदा गेला होता. आम्ही तो शब्द भाषणात आणि लेखात इतका वापरतो, की त्याला जू असते आणि जुवाखाली मान असते, हे विसरतो.

मग आम्ही तिघे खामगावला गेलो. या गावाने बंड्यांची मोठी शान पाहिली आहे. वऱ्हाडचा कापूस येथे बंड्यांनी येई आणि सरकीपासून सुटून गाठींनी बाहेर जाई. मुख्य लोहमार्ग गावापासून दूर पडला, म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत खास कापसासाठी एक छोटा फाटा टाकण्यात आला. तो १८७० साली सुरू झाला. आज गाव चांदीच्या बाजारासाठीही प्रसिद्ध आहे. पण आम्ही चांदीकडे पाठ करून जुने आस, जुनी चाके आणि टायर विकणाऱ्यांच्या ओळीत हिंडत होतो.

टायरच्या चाकाचे गुण उघड होते. ते लहान असले तरी रुंद. चिखलात रुतत नाही, वाट कापत नाही. आसाला बेअरिंग असल्यामुळे ओढ हलकी. साटा खाली येतो, त्यामुळे कडबा भरायला सोपे. दुकानदार भरभरून सांगत होता. दादा जवळजवळ पैसे मोजायला लागले, तेव्हा पुतण्याने विचारले, ‘उतारावर काय होईल?’

दुकानदाराने टायर किती वर्षे टिकेल ते सांगितले.

हाच खरा प्रश्न होता. लोखंडी धावेची बंडी उतारावर खडखडते, घासते, स्वतःला थोडीशी अडवते. टायरची बंडी मोकळी सुटते, आणि सारे ओझे जुवावाटे बैलांच्या मानेवर येऊन आदळते. खालच्या चिखलात वाचवलेला खांदा वरच्या टेकाडावर गमवायचा, असा तो व्यवहार होता. पुतण्याने आपल्या गाडीचे उदाहरण दिले. पुढच्या स्कीला जबर कार्बाइड लावले आणि मागच्या पट्ट्याला खिळे नसले, तर वळणावर मागची बाजू फेकली जाते. मागे खिळे भरपूर आणि पुढे पट्टी झिजलेली, तर गाडी वळतच नाही. एक भाग सुधारला की दुसऱ्याला विचारावे लागते.

मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘मंग तेच सांगत होतो मी.’ वास्तविक ते काहीच सांगत नव्हते. पण त्यांनी जमिनीवर काडीने आखून दिलेली बंडी आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. टायर घ्यायचे. पण आसाजवळ एक दांडा बसवायचा; तो ओढला की दोन्ही टायरांवर बाभळीचे ठोकळे दाबले जातील. साटा खाली आल्यामुळे पुढची दांडी बैलांच्या खांद्याच्या उंचीला येईल अशी उचलून बांधायची. आणि आस इंचभर मागेपुढे करून पाहायचा. कारण बंडी मागे जड झाली तर उलाळ होते आणि जू बैलांच्या गळ्याला फास लावते. पुढे जड झाली तर सारा भार खांद्यावर बसतो. भरलेल्या बंडीची दांडी एका माणसाला हाताने अलगद उचलता आली पाहिजे, ही त्यांची कसोटी. शेवटी, बैलांना नव्या पत्र्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. मुरमाच्या उतारावर पाय घसरला, तर ठोकळेही कामाचे नाहीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी झाली. हळद आणि लोणी लावून दादा सर्जाचा खांदा चोळत होते. जखम भरली होती, पण तेथे केस आले नव्हते. दादा काही बोलले नाहीत. पोळ्याच्या दिवशी बैलांना काम नसते, म्हणून चाचणी त्यानंतर दोन दिवसांनी झाली. वरच्या शेतातून दगड भरून बंडी निघाली. पुतण्या दांड्यापाशी, दादा कासरा धरून, मिस्त्री मागून चालत. टेकाडाच्या उतारावर ठोकळे दाबले गेले, टायर कुरकुरले, आणि बंडी बैलांच्या मागे पाहुण्यासारखी बेताने उतरली. सर्जाची मान सरळ होती. जू त्याच्या खांद्यावर टेकले होते; ढकलत नव्हते. खाली नाल्यापाशी जुन्या चाकोरीत टायर शिरले नाही, वरूनच गेले.

जुनी लाकडी चाके दादांनी मोडीत घातली नाहीत. घाटावर मुलीच्या सासरी एक बंडी आहे, मुरमाड रानातली. नवी धाव चढवून ती चाके तिकडे जायची आहेत. मिस्त्रींनी त्याची मजुरी घ्यायला नकार दिला, मग वहिनींनी त्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

परवा दादांचा फोन आला. सीतादहीची पूजा झाली, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली आणि दोन खेपा घरी आल्या. खांद्यावर केस येऊ लागले आहेत. पुतण्याचेही ठरले आहे. त्याच्याकडे गोठलेली तळी आणि दाबलेल्या वाटाच जास्त, म्हणून त्याने अरुंद कण्याची स्की घेतली, आणि खाली कार्बाइडच्या एकाऐवजी दोन समांतर पट्ट्या, म्हणजे दुसऱ्याच्या चाकोरीत शिरायला नको. मागच्या पट्ट्याला बेताचे खिळे. त्याने मिस्त्रींसाठी निरोप दिला आहे : ‘दांडी एका हाताने उचलून पाहिली. अलगद उठते.’

बर्फगाडीला दांडी नसते, हे मिस्त्रींना सांगायचे की नाही, याचा विचार दादा करीत आहेत.