चि. धाकटीस, महागाईच्या आकड्याबद्दल

चि. धाकटीस,


तू पाठवलेला तक्ता मिळाला. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, २०१२ च्या मालिकेतला सर्वांत कमी. खाली तुझी ओळ, "आत्या, आता तरी तक्रार थांबव", आणि शेजारी तो जीभ काढलेला पिवळा चेहरा. तक्रार काही थांबवत नाही, पण नीट मांडते. तू दिवसभर फंडाच्या कचेरीत असेच आकडे बघत असतेस, म्हणून तुलाच लिहिते.

पहिलं हे सांगते की तुझा आकडा खोटा आहे, असं मी म्हणत नाही. इथं वाण्याच्या दुकानात आणि देवळापुढच्या पारावर सगळे बिनदिक्कत तसं म्हणतात, आणि तुम्ही आकडेवाले त्यावर हसता. पण रिझर्व्ह बँक स्वतःच मुंबई-नागपूरसह १९ शहरांतल्या घरांना महागाई किती वाटते ते विचारते, आणि लोकांचं उत्तर बहुतेक वेळा सरकारी दराच्या वरच निघतं. लोक भाव बघतात, तुम्ही भाववाढीचा वेग बघता, एवढाच फरक. वेग शून्याजवळ आला म्हणजे भाव उतरले असं नाही, ते चढून बसले तिथंच बसले. तुझ्याच मालिकेत २०१२ साली १०० असलेला निर्देशांक ऑक्टोबर २०२५ मध्ये १९७ च्या आसपास होता. शिवाय ०.२५ मागे आदल्या वर्षीचा ऑक्टोबरही आहे. तेव्हा हाच दर ६.२१ टक्के होता आणि भाज्या बेचाळीस टक्क्यांनी चढल्या होत्या. त्या उंचीवरून मोजलंस तर यंदा उतारच दिसणार. (तुमच्या निर्देशांकाच्या टोपलीत तेव्हाही टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर होते म्हणे. फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी मालिका आली, तेव्हा ते एकदाचे भंगारात गेले.)

आता भाज्यांचंच बघ. तुझ्या तक्त्यात त्या वर्षभरात सत्तावीस टक्क्यांहून जास्त उतरल्या आहेत. मुंबईत बसून ही आनंदाची बातमी वाटते. पण उतरलेल्या भाज्यांत आमच्या निफाडचा कांदाही आहे, आणि माझ्या पुतण्याच्या कांदाचाळीतला उन्हाळ कांदा यंदा कोणत्या भावानं गेला ते त्याला फोन करून विचार. तुझ्या आकड्याला खाली आणायला त्यानं हातभार लावला, पण त्याबद्दल त्याचा सत्कार कुणी केला नाही.

तू लगेच म्हणशील की हे बाजाराचं काम आहे, पिकलं जास्त की भाव पडणार. तसं असतं तर आम्ही पावसाला बोल लावून गप्प बसलो असतो. पण कांदा महागायला लागला की सरकार बाजाराला बाजार राहू देत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसवलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलरचा किमान भाव आणि चाळीस टक्के शुल्क लावून. तेव्हा आमचं मतदान दोन आठवड्यांवर होतं. लासलगाव ज्या दिंडोरी मतदारसंघात येतं, तिथं केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार पडल्या. शुल्क पुरतं उठायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातल्या बाईनं ऐंशी रुपये किलोनं कांदा घ्यावा असं मी म्हणत नाही. तिचा भार हलका करायचाच होता तर तो तिजोरीतून करता आला असता. केला तो चाळीतून.

तेलाचं याच्या उलट झालं, आणि ते जास्तच मासलेवाईक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये, आपल्या विधानसभेच्या तोंडावर, खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वीस टक्केबिंदूंनी वाढवलं. सोयाबीनवाल्याला चार पैसे मिळावेत, हा हेतू. आपल्या देशात निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे दिवाळीच्या चकल्या महाग पडल्या. तेही मी सोसलं असतं, शेतकऱ्याला मिळतंय ना म्हणून. पण त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि विदर्भ-मराठवाड्यात बाजारसमित्यांमध्ये ते त्याच्या कितीतरी खाली विकलं गेलं. म्हणजे मी जास्त दिले आणि पिकवणाऱ्यापर्यंत ते पोचले नाहीत. मे अखेरीस शुल्क पुन्हा कमी केलं. मधल्या काळात माझ्या डब्यातून गेलेले पैसे कुठं जिरले, हे तुझ्या एखाद्या तक्त्यात सापडलं तर कळव.

आणि पेट्रोल. मे २०२० मध्ये जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं. आपण सगळे दाराला कड्या घालून बसलो होतो. तेव्हा केंद्रानं पेट्रोलवर लिटरमागे दहा रुपये आणि डिझेलवर तेरा रुपये कर चढवला. स्वस्ताईचा फायदा आपल्याला कळायच्या आत वळता झाला. पुढं जगात भाव चढले तेव्हा मात्र ते चढे भाव आपलेच. मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं. गॅसचं बँकेत जमा होणारं अनुदानही २०२० मध्येच बंद पडलं. पासबुकात एंट्री दिसेना, तेव्हा कळलं. यात राज्यांचा व्हॅटही आहेच, आणि तो लावायला कुठल्याच पक्षाचं राज्य मागे राहिलेलं नाही. म्हणून माझी तक्रार एका पक्षाची नाही. महागाई आली की तिचा भार कुणाच्या अंगावर टाकायचा हे दरवेळी कुणीतरी ठरवतं, आणि ज्याच्या अंगावर पडतो त्याला विचारत नाही, ही आहे.

हे माझ्या डोक्यात आलं ते तुझ्या आजोबांमुळे. त्यांच्या गिरणीच्या आणि संपाच्या गोष्टी तू ऐकल्यास. पण १९६३ ची गोष्ट तुला माहीत नसेल. मुंबईच्या गिरणी कामगाराचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता. निर्देशांक चढला की भत्ता चढायचा. झालं असं की बाजारात भाव वाढत होते आणि सरकारी निर्देशांक जागचा हलत नव्हता. कामगारांनी काय केलं असेल? ऑगस्टमध्ये मुंबई बंद केली. डांगे, जॉर्ज फर्नांडिस, सगळे त्यात होते. मागण्यांत एक ठळक मागणी होती की हा निर्देशांक चुकीचा काढला जातोय, तो तपासा. सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांची समिती नेमावी लागली. त्यांनी हिशेब तपासला, आकडा खरोखर कमी दाखवला जात होता असं निघालं आणि भत्ता वाढला. तुझे आजोबा सातवी पास. निर्देशांकाचं पायाभूत वर्ष म्हणजे काय, हे ते मला चाळीच्या गॅलरीत बसून समजावून सांगायचे, कारण त्यांचा पगार त्यावर उभा होता.

तुझी आजी निराळ्या वाटेनं तिथंच पोचली. १९७२ चा दुष्काळ, रेशनवर लाल मिलो, त्याच्या भाकऱ्या थापल्या की तुटायच्या. रॉकेलला रांग, रव्याला रांग. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. त्यात समाजवादीही होत्या आणि कम्युनिस्टही. एरवी एकमेकींच्या पक्षांवर तुटून पडणाऱ्या या बायका तेलाच्या भावावर एक झाल्या. लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. आईनं मला बरोबर नेलं होतं. पुढच्या वर्षी अरब देशांनी तेलाचे भाव चढवले, आणि १९७४ मध्ये घाऊक महागाई तीस टक्क्यांच्या वर गेली. लाटण्यांनी ती थांबली असं मी म्हणणार नाही. पण महागाई ही ज्याच्या त्याच्या घरची अडचण आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. आता प्रत्येकजण मोबाइलवर दोन दुकानांचे भाव ताडून बघतो, हप्ता पाडून घेतो आणि आपलंच बजेट चुकलं म्हणून कुढतो.

आता तुझ्या काकांच्या पेन्शनकडे येते.

काका कारखान्यातून निवृत्त झाले ते 'ईपीएस ९५' या कर्मचारी पेन्शन योजनेत. या योजनेचा हिशेब सोपा आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पेन्शनपात्र पगाराला मर्यादा होती साडेसहा हजार, सप्टेंबर २०१४ पासून ती पंधरा हजार झाली. त्याआधी बाहेर पडलेल्यांना तीस वर्षं घासूनही पावणेतीन हजारांच्या फार वर काही दिसत नाही, आणि काकांना दोनाच्या आतच मिळतात. सर्वांत खालच्यांसाठी सप्टेंबर २०१४ मध्ये किमान एक हजार रुपये ठरले. तेच हजार आज आहेत. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा भत्ता सुधारून मिळतो, जुलै २०२५ पासून तो मूळ पगाराच्या ५८ टक्के झाला. त्यांना मिळतो याचं मला दुःख नाही, मिळालाच पाहिजे. पण वाणी त्यांना एक भाव आणि आम्हाला दुसरा भाव लावत नाही.

तुझाच निर्देशांक घेते. सप्टेंबर २०१४ मध्ये तो १२० च्या जवळ होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये १९७. म्हणजे त्या हजाराची आजची ताकद सहाशे रुपयांच्या आसपास. चारशे रुपये कुणी कापले? कायदा करून नाही, संसदेत चर्चा करून नाही. नुसतं काही न करता कापले. कुणाची पेन्शन चाळीस टक्क्यांनी कमी करतो असं म्हणायची कुठल्या सरकारची छाती होणार नाही, पण ती आहे तिथंच ठेवून अकरा वर्षं थांबलं की तेच काम होतं. आपल्या राज्यात लाडक्या बहिणीला महिन्याला पंधराशे मिळतात. तिला मिळू देत. वय पासष्टच्या पुढं गेल्यानं मी त्यातही बसत नाही. पण आयुष्यभर ज्याच्या नावानं पेन्शन फंडात पैसे भरले गेले त्या माणसाला त्याहून कमी मिळावेत, हा न्याय कुठला?

बुलढाण्याला पेन्शनरांचं साखळी उपोषण २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालं. मागणी आहे साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता. पैसा आणायचा कुठून, फंडात तूट पडेल, असं तुम्ही लोक म्हणाल, आणि प्रश्न रास्त आहे. साडेसात हजार एका फटक्यात परवडणार नाहीत असं हिशेबानं सिद्ध झालं तर मी ऐकून घेईन. पण भत्त्याचा मुद्दा वेगळा आहे. माझ्या मते आधी निर्देशांकाला जोडा, मग रक्कम ठरवा. रक्कम एकदा वाढवून घेतली आणि जोडली नाही, तर दहा वर्षांनी पुढचे म्हातारे पुन्हा मंडपात बसतील. आजोबांच्या पिढीनं हे ओळखलं होतं. त्यांनी नुसता पगार मागितला नाही, आकडा बरोबर काढा आणि तो आमच्या पगाराला बांधा असं मागितलं. आज आकडा तेव्हापेक्षा कितीतरी नीट निघतो, दर महिन्याच्या बाराव्या दिवशी वेळेवर निघतो, शेअर बाजार त्याच्यावर वर-खाली होतो. पण ज्यांना तो जोडलेला आहे ती माणसं थोडी, आणि ज्यांना नाही त्यांना तो दाखवून गप्प केलं जातं. तू मला केलंस तसं.

रागावू नकोस. तुझ्या तक्त्यावरून एक पत्र आठवलं. महागाई सलग तीन तिमाही सहा टक्क्यांच्या वर राहिली, तर रिझर्व्ह बँकेनं सरकारला कारणं लेखी द्यायची असा कायदा आहे. २०२२ मध्ये तशी वेळ आली. ३ नोव्हेंबरला पतधोरण समितीची खास बैठक झाली आणि पत्र गेलं. महागाई आपण सोसली, पत्र मात्र तेव्हा आपल्याला वाचायला मिळालं नाही. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सांगितलं होतं की ते जाहीर करणं त्यांच्या हातात नाही.

म्हणून आता काम सांगते. पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्यातले पेन्शनर भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत निवेदन देणार आहेत. दरवेळी निवेदनात "वाढत्या महागाईमुळे जगणे कठीण झाले आहे" एवढंच वाक्य असतं आणि साहेब ते फाइलला लावून चहा विचारतात. या वेळी सोबत एक पान जोडायचं आहे. तू ते तयार कर. पहिल्या रकान्यात सप्टेंबर २०१४ पासूनची वर्षं, दुसऱ्यात तुझा निर्देशांक, तिसऱ्यात त्या हजार रुपयांची त्या-त्या वर्षीची खरी किंमत, चौथ्यात केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता. मधे वेतन आयोगानं भत्त्याची मोजणी नव्यानं सुरू केली, तेही तळटीपेत लिही, नाहीतर साहेब तेवढ्यावर बोट ठेवतील. सगळं मराठीत आणि मोठ्या अक्षरांत, आमच्यातल्या निम्म्यांचे मोतीबिंदू अजून काढायचे आहेत. रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
आत्या