हवेला कुलूप

कुलूप ही वस्तू मोठी विलक्षण आहे. ते दाराला लागले की आतल्या माणसाला निर्धास्त झोप लागते आणि बाहेरच्या माणसाला मात्र आपल्यावर कोणी संशय घेतल्यासारखे वाटते. आम्ही कोकणीभाषक असल्यामुळे कुलपापेक्षा त्याच्या सोबतिणीचे, म्हणजे चावीचे, आम्हांस अधिक कौतुक. हा शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून आमच्या किनाऱ्यावर उतरला, मराठीत रुळला आणि हिंदीत जाऊन ‘चाबी’ झाला. नोकरीनिमित्त आम्ही समुद्रापासून इतक्या दूर सावरगावी आलो, तो ही बाई आमच्या आधीच येथे येऊन संसार थाटून बसलेली!

परंतु आजवरच्या कुलपांना निदान दार तरी लागत असे. आमच्या बिऱ्हाडी मात्र एक अशी वस्तू आली, की जिला दार नाही, भिंत नाही, पण कुलूप अवश्य हवे. ती वस्तू म्हणजे वाय-फायचा राउटर.

सीमा म्हणजे काय, हे सावरगावच्या मुलांना भूगोलाच्या तासाला शिकवावे लागत नाही. जाम नदीच्या एका तीरावर सावरगाव, दुसऱ्या तीरावर पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही तीरांवरून गोटे सुटतात. त्या गोटमारीत अलीकडचा कोण आणि पलीकडचा कोण, हे निदान डोळ्यांना तरी दिसते. राउटरच्या लहरींना असला कोणताही तीर ठाऊक नाही. त्या सेकंदाला सुमारे दोन अब्ज चाळीस कोटी वेळा आंदोलतात, आणि एकेका लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीहून किंचित कमी. त्या आमची भिंत ओलांडतात, शेजाऱ्यांचे अंगण ओलांडतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या खिशातल्या फोनलाही भेटून येतात. हवेत सोडलेला शब्द सर्वांचाच. म्हणून येथे कुलूप लावावयाचे ते दाराला नव्हे, शब्दाला. तो सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठवावयाचा, आणि ज्याच्याजवळ परवलीचा शब्द असेल त्यालाच तो उलगडावा अशी योजना करावयाची.

या कुलपांचाही एक इतिहास आहे. पहिले कुलूप, डब्ल्यूईपी नावाचे, १९९७ साली आले. २००१ मध्ये तीन गणितज्ञांनी त्याच्या सांकेतिक लिपीतील वर्म दाखवून दिले, आणि ते खेळण्यातल्या कुलपाच्या योग्यतेस आले. २००३ मध्ये तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आले, २००४ मध्ये भक्कम असे डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये त्याहून भक्कम डब्ल्यूपीए-३. आपल्या राउटरमध्ये शेवटच्या दोहोंपैकी एक निवडावे. पहिल्याकडे ढुंकूनही पाहू नये.

आमच्या घरी जोडणी करून देणाऱ्या तंत्रज्ञाने, बहुधा आमच्या स्मरणशक्तीवर दया येऊन, परवलीचा शब्द म्हणून आमचाच मोबाइल क्रमांक घालून दिला. तो क्रमांक आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांजवळ आहे! शिवाय आपल्याकडील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून सहा, सात, आठ किंवा नऊ या अंकांनीच सुरू होतात. म्हणजे सगळे मिळून शक्य क्रमांक फार तर चार अब्ज. माणसाला ही संख्या अफाट वाटते. सेकंदाला लाखो क्रमांक ताडून पाहणाऱ्या संगणकाला ते काही तासांचे काम. म्हणून त्याच आठवड्यात, एका रविवारी, आम्ही कंबर कसली.

राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला की राउटरची कचेरी उघडते. तेथील कारभाऱ्याचे नाव पुष्कळदा ‘ॲडमिन’ आणि त्याचा परवलीचा शब्दही ‘ॲडमिन’. असले मुळातले शब्द न बदलल्यामुळेच २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने जगभरचे लक्षावधी कॅमेरे व राउटर आपल्या चाकरीस जुंपले होते. तो शब्द आम्ही प्रथम बदलला. मग जाळ्याचे नाव बदलले. त्यात आपले आडनाव वा घरक्रमांक नसलेला बरा. नंतर आठ आकड्यांनी झटपट जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद केली. कारण अकरा हजार प्रयत्नांत ती फोडता येते, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. शेवटी वाय-फायचा नवा परवलीचा शब्द. नियमाने तो आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा असावा लागतो. आम्ही एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले चार कोकणी शब्द एकापुढे एक मांडले. ते येथे छापले असते. पण मग आणखी चार शोधावे लागतील!

दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचे आबाजी कुंपणापाशी आले. दहावीतली त्यांची नात आठवडाभर आमच्याच लहरींवर गणिताचे पाठ पाहत होती, आणि आता तिचा फोन मुका झाला होता.

“काहो गुरुजी,” ते म्हणाले, “आता हवेलेबी कुलूप लावता का?”

त्या प्रश्नात राग नव्हता, पण दुखावलेपण होते. ज्यांच्या घरून आमच्याकडे संत्र्यांच्या टोपल्या येतात, त्यांनी हे विचारावे, हे आमच्या जिव्हारी लागले. आम्ही त्यांना ओसरीवर बसवले आणि नवी मुंबईतल्या सानपाड्याची हकीकत सांगितली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट होऊन पन्नासाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरापर्यंत पोचला. कोणी तिऱ्हाइताने त्यांच्या वाय-फायचा वापर केला होता. अपराध दुसऱ्याचा आणि चौकशीचा ससेमिरा यांच्यामागे! त्यानंतर दोन महिन्यांच्या आत माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायचाही असाच दुरुपयोग झाला. २००९ च्या प्रारंभी मुंबई पोलीस उघडी वाय-फाय केंद्रे शोधत फिरू लागले ते यामुळेच. आमच्या राउटरमधून बाहेर पडणारा प्रत्येक शब्द जगाच्या दप्तरी आमच्या नावावर नोंदला जातो.

आबाजींनी सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “ते खरं हाय. पण मंग पोरीच्या अभ्यासाचं कसं?”

या प्रश्नाचे उत्तरही राउटरमध्येच होते. त्यात पाहुण्यांसाठी निराळे जाळे उघडता येते. त्याचे नाव निराळे, परवलीचा शब्द निराळा. गोव्याकडे घरापुढे बसण्यासाठी सोपो असतो, इकडे ओसरी असते. आलेल्याने तेथे ऐसपैस बसावे, पाणी प्यावे, गप्पा माराव्यात. देवघरात आणि माजघरात मात्र परस्पर शिरू नये. पाहुण्यांच्या जाळ्यावरून मुलीला सारे पाठ पाहता येतात. पण आमच्या संगणकातल्या प्रश्नपत्रिका तिच्या हाती पडत नाहीत, ही आम्हां शिक्षकांची विशेष सोय! मात्र तेथून गेलेला संदेशही आमच्याच नावाने जातो. म्हणून ते जाळेही आम्ही उघडे ठेवले नाही. मुलीला बोलावून तो शब्द कागदावर लिहून दिला, आणि तो पुढे कोणाला देऊ नये असे बजावले. तिने तो घडी करून कंपासपेटीत ठेवला.

उघडे दार आणि हातात दिलेली चावी यांत फार अंतर आहे, असे आम्हांस वाटते. उघड्या दारातून कोणीही येतो, आणि कोण आले हे घरधन्याला कळतही नाही. चावी मात्र ओळखूनच द्यावी लागते. तिच्याबरोबर विश्वास दिला जातो आणि घेणाऱ्यावर थोडी जबाबदारीही येते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरचा राउटर एकदा उलटा करून त्याच्या तळाची चिठ्ठी वाचा, आणि वडिलांच्या संमतीने तिच्यावरचे शब्द बदला. आणि शेजारी कोणी अभ्यासासाठी अडले असेल, तर ओसरीची चावी त्याच्या हातात द्यायला विसरू नका.