नोंदवहीत नुसतं 'गवत' लिहिलंय

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा तोंडावर आल्यात आणि दोन-तीन गावांत गायरानाचा विषय निघणार असं कानावर आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आपल्याच तालुक्यातल्या एका गावाची लोक जैवविविधता नोंदवही चाळायला मिळाली. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि तिने गावातल्या झाडं, पिकं, पशुपक्ष्यांची नोंद ठेवायची असते. बरीच वर्षं हे कागदावरच होतं. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि सगळीकडे नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. घाईत केलेलं काम कसं असतं, ते सांगायला नको.

या नोंदवहीत वड, पिंपळ, लिंब, चिंच सगळं आहे. मोर आहे, ससा आहे. आणि गावाच्या निम्म्या शिवाराएवढं जे माळरान, त्याच्यापुढे एकच शब्द: 'गवत'.

मी सदस्यांना विचारलं, "कोणकोणतं गवत?" ते हसले. म्हणाले, "पत्रकारसाहेब, गवतात काय बघायचं? गवत ते गवत."

काय बघायचं, त्याचं एक खरं उदाहरण सांगतो.

कर्नाटकातला जोगचा धबधबा सगळ्यांना माहीत आहे. 1919 साली तिथल्या तुषारांनी भिजणाऱ्या कड्यांवरून एक नाजूक गवत गोळा केलं गेलं. पुढे त्याला 'हबार्डिया हेप्टान्यूरॉन' असं नाव मिळालं. मग शरावतीवर लिंगनमक्कीचं धरण झालं, धबधब्याचं पाणी अडलं, कडे कोरडे पडू लागले. गवत परत दिसेना. नामशेष झालं असं अभ्यासकांनी धरून चाललं.

आणि 2000 नंतरच्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेच गवत तिलारी घाटात सापडलं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात! तेही अगदी थोड्या जागेत. 'गवत ते गवत' म्हणणारा माणूस त्याच्यावरून चालत गेला असता. ज्यांना एक पातं दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येतं, त्यांनी ते वाचवायची खटपट केली. याच विद्यापीठाने 2012 साली महाराष्ट्रातल्या गवतांवर जाडजूड ग्रंथ काढलाय. त्याची पानं उलटली तरी 'गवत ते गवत' म्हणायची हिंमत होणार नाही.

आता एखादी वनस्पती धोक्यात आहे हे ठरवतात कसं? बऱ्याच जणांना वाटतं, कुणीतरी शास्त्रज्ञ अंदाजाने सांगतो. तसं नाही. आययूसीएन या जागतिक संस्थेचे निकष ठरलेले आहेत. नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखतात आणि ती वनस्पती किती चौकोनांत आहे ते मोजतात. एकूण जागा 10 चौरस किलोमीटरच्या आत आली, म्हणजे जेमतेम दोन चौकोन, आणि सोबत ती एकाच ठिकाणी असेल व घटतही असेल, तर 'अतिसंकटग्रस्त'. 500 च्या आत 'संकटग्रस्त', 2000 च्या आत 'असुरक्षित'. फुलाफळावर येणारी रोपं 50 पेक्षा कमी उरली असतील, तर त्या एकाच कारणावरून ती अतिसंकटग्रस्त ठरते. आणि पुरेशी माहितीच नसेल तर शेरा पडतो 'माहिती अपुरी'. आपल्याकडे अपुरी माहिती म्हणजे 'काही नाही' असा अर्थ काढतात. खरं तर त्याचा अर्थ 'अजून नीट बघितलेलं नाही' एवढाच आहे.

गवताच्या बाबतीत ही मोजदाद फार अवघड जाते. एक ठोंब म्हणजे एक रोप की दहा, इथूनच वाद सुरू. कोवळं असताना दहा जातींची पाती सारखीच दिसतात. ओळख पटते ती तुऱ्यावरून, कुसळावरून. म्हणजे पाऊस उघडता उघडता, दिवाळीच्या आगेमागे. मे महिन्यात पंचनामा केला तर माळावर काहीच दिसणार नाही. वर्षायू जातींचं तर आणखी वेगळं. पाऊस कमी झाला की त्या वर्षी रोपं कमी, पण बी मातीत असतं. एका दुष्काळात दिसलं नाही म्हणून 'संपलं' म्हणता येत नाही आणि एका चांगल्या सालात दिसलं म्हणून 'भरपूर आहे' असंही म्हणता येत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटेल. म्हणून माळावर मेंढरं घेऊन असणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांना विचारलं, "बाबा, पूर्वीचं गवत आहे का?" ते म्हणाले, "पवन्या गेला, ल्येका. कुसळी ऱ्हायली. आन् खालतीकडं तर कुसळी बी न्हाय, नुसती काडी."

मंडळी, गवताळ प्रदेशांचा अभ्यास करणारेही नेमकं हेच सांगतात. चांगल्या माळावर पवन्या, मारवेल असतं. चराईचा ताण वाढला की ते हटतं आणि कुसळी माजते. आणखी झीज झाली की उरतं ते जनावर तोंड लावत नाही असं बारीक काडीचं गवत. माळाची तब्येत बाबांनी तीन वाक्यांत सांगितली. नोंदवही करणाऱ्यांनी त्यांना विचारलं होतं का? "न्हाय बा, कोन आलंच न्हाय."

आता यात पणाला काय आहे? महसुली कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशातही असे झुडपी माळ आणि खालावलेली कुरणं मोडतात. पडीक म्हटलं की सगळ्यांना ती मोकळी वाटते. कुठे सौर पॅनेल, कुठे मुरूम, कुठे सलग चर मारून गिरिपुष्पाची लागवड. यातल्या वृक्षारोपणाचं तर आपण टाळ्या वाजवून स्वागत करतो. बातम्या मीही छापतो. पण चर मारताना गवताची जी मुळं उपटली जातात ती माती धरून ठेवणारी असतात, आणि पुढे झाडाची सावली पडली की उन्हातलं गवत तिथे येत नाही. चारा जातो, मेंढरं जातात, माळावरचे लांडगे-खोकड, चंडोल जातात.

सौरऊर्जा नको असं मी म्हणत नाही. बिल मलाही येतं आणि रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे हालही मी बघतो. म्हणणं एवढंच, की जमीन द्यायच्या आधी तिच्यावर काय आहे ते लिहा. नोंदवहीत 'गवत' एवढंच असेल तर उद्या कुणी हरकत घ्यायची कशाच्या आधारावर? 'इथे काही नव्हतं' असं सांगायला तोच कागद पुढे येईल.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही मागा, बघा. दोन, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा की माळाची पाहणी पावसाळा संपताना, गवत तुऱ्यावर असताना व्हावी, आणि तिला गावातले गुराखी, मेंढपाळ आणि जवळच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सोबत असावेत. तीन, गायरानाचा कोणताही निर्णय ही पाहणी नोंदवल्यावरच व्हावा.

आपल्या माळावर हबार्डियासारखं दुर्मीळ काही निघेलच असं नाही. कदाचित पवन्याचे चार ठोंब निघतील. तेही लिहा. जातीचं नाव, गट नंबर, तारीख. पुढच्या वेळी कुणी मोजायला आलं, तर किती घटलं हे त्यावरूनच कळणार आहे.

ज्या गावात ठराव होईल त्यांनी मला कळवा. बातमी नक्की लावतो.