हवेतील ठोसे

मूठ आवळण्याचे शिक्षण आमच्या पिढीतील मुलींना कोणी दिले नाही. लेझीम शिकविली, फुगडी शिकविली, शाळेच्या पटांगणात कवायतही करून घेतली. परंतु अंगठा मुठीच्या आत दडपायचा नसतो, तो बाहेरून बोटांवर आडवा टेकवायचा असतो, ही एवढीशी गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळली. आत दडपलेला अंगठा ठोसा लागताच दुखावतो. माझा ठोसा अर्थातच कुणाला लागणार नव्हता. तो बैठकीच्या खोलीतील हवेत विरणार होता. तरीही मूठ नीटच असावी, असा माझ्या लेकीचा आग्रह.

कारण मात्र गंभीर होते. गेल्या वर्षीच्या रक्ततपासणीत उपाशीपोटीची साखर ११४ आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे ‘एचबीएवनसी’ ६.२ टक्के. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा मानतात, ६.५ पासून पुढे मधुमेह. माझी आई हाच उंबरठा ओलांडून गेली. अखेरच्या वर्षांत आधी तिची दृष्टी मंदावली, मग डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. त्या पायाची मलमपट्टी मी माझ्या हातांनी केली आहे. त्यामुळे अहवालातील दशांश चिन्ह मला जरा मोठेच दिसते.

डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालण्यासारखा व्यायाम नाही हे खरे. पण कोल्हापुरात जूनमध्ये सुरू झालेला पाऊस सप्टेंबरपर्यंत पाठ सोडत नाही, आणि पहाटेची वेळ सासूबाईंची औषधे व डबे यांच्या स्वाधीन असते. पुण्यात नोकरी करणारी लेक दोन वर्षे किकबॉक्सिंगच्या वर्गाला जाते. ती म्हणाली, “आई, मला रोज पंधरा मिनिटे दे. दाराबाहेर पाऊलही टाकायला नको.”

हा प्रकार मूळचा जपानचा. १९६०च्या दशकात कराटे आणि थायलंडचे मुय थाय यांच्या मिश्रणातून तो आखाड्यातील खेळ म्हणून उभा राहिला. पुढे अमेरिकेत बिली ब्लँक्स यांनी तायक्वांदो आणि बॉक्सिंग यांची सांगड संगीताशी घालून ‘ताए बो’ निर्माण केला आणि १९९०च्या दशकात त्याच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघरी पोहोचल्या. प्रतिस्पर्धी गेला, घाम तेवढा उरला. आम्हा गृहिणींना तो घामच हवा असतो.

आमचा क्रम असा. तीन मिनिटे जागच्या जागी चालणे आणि खांदे, कंबर, घोटे सैल करणे. मग मुष्टियोद्ध्यांच्या रीतीने तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विसावा. शेवटचे मिनिट श्वास शांत होण्यासाठी. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही मुठी हनुवटीजवळ. डाव्या हाताचा झटपट सरळ ठोसा म्हणजे ‘जॅब’. त्यामागोमाग उजव्याचा ‘क्रॉस’. हा क्रॉस मला पंधरा दिवस जमला नाही, कारण मी तो हाताने मारू पाहत होते. खरे तर तो टाचेपासून निघतो. मागच्या पायाच्या चवड्यावर टाच बाहेर वळते, तिच्याबरोबर कंबर, कंबरेबरोबर खांदा, आणि मूठ सर्वांत शेवटी पोहोचते. जात्यावर बसलेल्या बाईचे सारे अंग जसे खुंट्यामागे फिरते, तसेच हे. ज्या दिवशी ते साधले त्या दिवशी दुसऱ्याच मिनिटाला धाप लागली, आणि दंडाऐवजी पोटाचे स्नायू दुखले.

दुसऱ्या फेरीत गुडघा छातीकडे उचलून समोर लाथ, तिसऱ्या फेरीत आडवे ‘हुक’, खालून वर जाणारे ‘अपरकट’ आणि मध्येच खाली झुकणे. ठोशाबरोबर श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. कोपर आणि गुडघा पूर्ण ताणून झटका द्यायचा नाही. समोर अडवणारे काही नसल्याने तो झटका सांध्यालाच बसतो. गोल फिरवून मारायची लाथ मी वर्ज्य केली आहे. तिच्यात टेकलेला पाय वळावा लागतो, तो न वळला तर पिळा गुडघ्याला पडतो. योगासनांची चिकट चटई याच कारणासाठी गुंडाळून ठेवली. उड्याही नाहीत; खाली दुसरे बिऱ्हाड आहे.

हिशेबाची सवय असल्याने तोही मांडला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम सांगते. जोरकस एक मिनिट म्हणजे मध्यम दोन. पाच दिवसांच्या फेऱ्यांची ४५ मिनिटे म्हणजे ९० झाली. उरलेल्या ६० साठी शनिवारी-रविवारी अर्धा-अर्धा तास रंकाळ्याकाठी चालते. जोरकस म्हणजे किती, याची कसोटी सोपी आहे: चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की समजावे. राबणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. तथापि ज्यांना हृदयविकार आहे किंवा जे साखर उतरविणारी औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊ नये. उपवासाच्या दिवशी मी स्वतः फक्त चालते. एरवी सूर्यास्तापूर्वी जेवण झालेले असल्याने आठची वेळ सोयीची पडते.

चार महिन्यांनी आकडा ५.९ वर आला. त्या काळात चहातील साखर आणि रात्रीचा भातही सुटला होता, त्यामुळे श्रेय कुणाचे किती हे मी सांगू शकत नाही. आईच्या पायाची आठवण अजून येते, मात्र जिना चढताना येत नाही.

सासूबाईंनी प्रथम पाहिले तेव्हा, “अगं, कुणावर एवढी चिडलीस?” असे विचारले होते. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याही खुर्चीत ताठ बसून माझ्याबरोबर सरळ ठोसे मारतात. पहिली फेरी तेवढी, आणि तीही अर्धी. अट एकच, लेकीने पाठविलेल्या ध्वनिफितीतील इंग्रजी आकडे बंद ठेवायचे. मोजणी त्या स्वतः करतात, मराठीत, आणि एकोणतीसला पोहोचल्या की मला थांबू देत नाहीत.