बांगडीचा सांधा

हातातली साधी काचेची बांगडी जरा फिरवून बघा. कुठंतरी बारीकसा सांधा बोटाला लागेल. तो जुळवतात ते गाव म्हणजे उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद. ताजमहाल पाहून आपण आग्र्याहूनच परततो; हे गाव तिथून पूर्वेला, साधारण ४० किलोमीटरवर. आपल्या कासाराकडचा बराचसा माल इथलाच.

गावात शिरताच हातगाड्यांवर रचलेल्या बांगड्या दिसतात. लाल, हिरव्या, आणि सगळ्या तोंड उघडलेल्या! भट्टीतल्या वितळलेल्या काचेची तार ओढून ती फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात. तिला उभा छेद दिला की अशी सुटी कडी निघतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं ताजच्या रक्षणासाठी कोळसा बंद करायला लावला आणि भट्ट्या गॅसवर आल्या. संगमरवराची काळजी घेतली गेली, चांगलंच झालं.

पण हातगाड्या पुढं जातात त्या गल्लीबोळांतल्या घरांत. तिथं ज्योतीवर आधी ‘सधाई’, म्हणजे कड्याची दोन टोकं एका पातळीत आणणं. मग ‘जुडाई’, टोकं तापवून चिकटवणं. खोली अंधारी, उन्हाळा मरणाचा, तरी पंखा नाही. ज्योत हलली तर सांधा बिघडतो ना! आई, मोठी सून आणि त्यांच्याशेजारी नऊ-दहा वर्षांची पोर, डोळे ज्योतीवर खिळलेले. मजुरी ‘तोड्या’वर. एका तोड्यात तीनशेहून अधिक बांगड्या, आणि हातात पडतात थोडे रुपये. तेही मध्यस्थाकडून, कारखानदाराचं तोंडही या बायकांना दिसत नाही. मग घरातले जितके हात, तितके कामाला.

कायदा नाही का? आहे की. १९८६ चा होता, पण घरच्यांनी मिळून चालवलेलं काम त्यातून वगळलेलं. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायलाच बंदी आली. तरी शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायची मुभा राहिली, धोक्याचं काम सोडून. आता ही ज्योत धोक्याची की नाही, हे बघायला त्या बोळात कोण जाणार?

बांगडी फुटली तर आपण ‘वाढवली’ म्हणतो, इतकं आपल्याला तिचं जपणं. “पोर शाळेत जाते का?” मी त्या आईला विचारलं.

“जाते ना,” ती मान वर न करता म्हणाली, “तोडा लवकर पुरा झाला की.”