सेमिपलातिन्स्कच्या माळावर

ईशान्य कझाकस्तानातील सेमेय, म्हणजे पूर्वीचे सेमिपलातिन्स्क. इथून इर्तिश नदीच्या काठाने पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर कुर्चातोव हे गाव लागते. सोव्हिएत काळात ते सामान्य नकाशांवर नव्हते. त्याच्या दक्षिणेला अठरा हजार चौरस किलोमीटरचा ‘पॉलिगॉन’, म्हणजे अणुचाचण्यांचा माळ, पसरला आहे. परवाना, किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र आणि तोंडावर मास्क असल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही.

२९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने आपला पहिला अणुबॉम्ब याच माळावर फोडला. स्फोटाचा दाब मोजण्यासाठी उभारलेले काँक्रीटचे मनोरे अजून रांगेने उभे आहेत. स्फोटाकडची त्यांची बाजू भाजून निघालेली आणि खडबडीत दिसते. वाऱ्याने वाहून नेलेला किरणोत्सर्ग इर्तिशकाठच्या दोलोन गावावर पडला. गावकऱ्यांना कुणी काही सांगितले नव्हते.

१९६३च्या मॉस्को कराराने हवेत, पाण्यात आणि अवकाशात चाचण्यांना बंदी घातली, भूगर्भात नाही. इथल्या ४५६ चाचण्यांपैकी ३४० जमिनीखाली झाल्या. करार झाला आणि स्फोट नजरेआड गेले, थांबले नाहीत. पॉलिगॉनच्या पूर्वेला चागान तलाव आहे. जानेवारी १९६५मध्ये जलाशय खोदण्याच्या नावाखाली केलेल्या स्फोटाचे हे विवर, सुमारे चारशे मीटर रुंद. किरणोत्सर्गी कण देशाबाहेर जाऊ नयेत, असे करारात होते. या स्फोटाचे कण जपानपर्यंत आढळले. अमेरिकेने जाब विचारला, पण चाचण्या चालूच राहिल्या.

त्या थांबवल्या लोकांनी. फेब्रुवारी १९८९मध्ये भूगर्भातील चाचण्यांतून वायू गळला. कवी ओल्झास सुलेइमेनोव यांनी दूरचित्रवाणीवर कविता वाचण्याऐवजी निषेधाचे निवेदन वाचले आणि ‘नेवाडा-सेमिपलातिन्स्क’ चळवळ उभी राहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इथली शेवटची चाचणी झाली. २९ ऑगस्ट १९९१ रोजी पॉलिगॉन कायमचा बंद झाला. स्वतंत्र कझाकस्तानने वारशाने आलेली हजाराहून अधिक अण्वस्त्रे १९९५पर्यंत रशियाला परत केली. त्याची जेवढी नोंद जगाने घ्यायला हवी होती, तेवढी घेतली नाही. २००६मध्ये सेमेयमध्येच मध्य आशियातील पाच देशांनी अण्वस्त्रमुक्त क्षेत्राचा करार केला.

सर्वंकष चाचणीबंदी करार मात्र १९९६पासून अडला आहे. तो लागू होण्यासाठी ठरलेल्या ४४ देशांची मान्यता लागते. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाने त्यावर सहीच केलेली नाही. अमेरिका आणि चीनने सही करूनही मान्यता दिलेली नाही. ज्याच्या राजवटीने हा माळ जाळला त्या सोव्हिएत संघाचा वारसदार रशिया, त्यानेही दिलेली मान्यता २०२३मध्ये मागे घेतली.