नेवीम

माझी नात नोकरीनिमित्त प्रागला असते. दर रविवारी फोनवर ती मला चेक भाषेचा धडा देते. सत्तरी उलटल्यावर हे कशाला, असं म्हणाल. पण आजीच्या चुका काढण्यात तिला भारी आनंद!

परवा 'व्येद्येत' हे क्रियापद आलं. अर्थ, माहीत असणे. मी वहीत रूपं लिहून घेतली: वीम, वीश, वी, वीमे, वीते, व्येद्यी. नकार हवा तर आधी 'ने' जोडायचं. 'नेवीम' म्हणजे मला माहीत नाही.

मग कुतूहल वाटून थोडं वाचलं. 'वीम'चं जुनं रूप 'व्येम', आणि त्याही आधी मध्ये 'द' होता. म्हणजे आपलं संस्कृत 'वेद्मि'च की! 'नेवीम' म्हणजे 'न वेद्मि'. चेकमध्ये विज्ञानाला 'व्येदा' म्हणतात, आणि पाहण्याला 'विद्येत'. धातू एकच. 'मी पाहिलं आहे' म्हणून 'मला माहीत आहे', असा या शब्दाचा उगम अभ्यासक सांगतात.

इथे मी थबकले.

१९७९ साली नववीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, 'वेद, विदतुः, विदुः' ही रूपं 'ददर्श, ददृशतुः, ददृशुः'सारखी दिसतात. ती तर भूतकाळाची. मग ही वर्तमानकाळात कशी?"

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "पाठ कर. परीक्षेत 'कशी' विचारत नाहीत." वर्ग हसला. त्या मुलाने पुन्हा माझ्या तासाला हात वर केला नाही.

उत्तर इतकं सोपं होतं. रूप 'पाहिलं आहे' याचं, अर्थ 'आता माहीत आहे' हा. त्या मुलाने रूप नीट पाहिलं होतं, मी नुसतं पाठ केलं होतं. धातूच्या अर्थाने बघितलं तर वर्गात जाणणारा तोच होता.

काल नातीला हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तू शाळेत मुलांना हे सांगायचीस?"

चेकमध्ये भूतकाळाला मराठीसारखं लिंग लागतं. बाईने म्हणायचं रूप मी आठवलं आणि म्हणाले, "नेव्येद्येला सेम." मला माहीत नव्हतं.

"बरोबर!" नात म्हणाली. तिला वाटलं, मी धडाच म्हणून दाखवला.

असो.